हारोसोची घळ

टीव्हीवरची बाई म्हणाली, जॅरोसाइट.
कास्तोच्या बारमध्ये आम्ही चौघे होतो,
चौघेही एकदम ओरडलो:
अगं ज नाही, ह!
हारोसो. आमच्या डोंगरातली घळ ती.
शेळ्या तिथे चुकतात,
पोरं पहिली सिगारेट तिथे ओढतात.
दीडशे वर्षांपूर्वी कुणी परका माणूस आला,
जुन्या केशराच्या रंगाचा दगड उचलला,
घळीचं नाव त्याला लावलं आणि गेला.

आता म्हणे तोच दगड मंगळावर आहे.
सहा चाकांचं एक यंत्र
उथळ खड्ड्यात उतरलं, हात लांब केला
आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं
खडकाला बोटं टेकवून तासन्‌तास बसलं.
मग निदान कळवलं:
इथे पाणी होतं.
पाण्यावाचून हा दगड जन्मतच नाही.

कास्तोने आवाज बंद केला.
"म्हणजे आपण मंगळासारखे,
की मंगळ आपल्यासारखा?"
बाहेर नदीच्या पात्रात
गाड्या लावल्या होत्या, रोजच्यासारख्या.

माझा बाप खाणीत पंपावर होता.
चांदी इतरांनी काढली, त्याने पाणी काढलं.
या डोंगराच्या पोटात कढत पाणी आहे.
वर थेंब नाही,
आणि खाली माणसं बुडायची.
तेवीस वर्षं उपसलं त्याने,
मग एका मंगळवारी कंपनीने पंप थांबवले.
पाणी चढत गेलं, एकेक बोगदा,
त्याची डबा टांगायची खुंटीसुद्धा.
घरी येऊन म्हणाला, "जिंकलं ते."
त्यानंतर ग्लास हातात घेतला
की आधी जरा वेळ बघत राहायचा,
जुन्या वैऱ्याकडे बघावं तसा,
आणि मग प्यायचा.

मी टँकर चालवतो. त्याला ते आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओब्दुलियाकडे खेप होती.
तिची टाकी जमिनीखाली, घुमटाची,
मूर लोकांच्या हातची म्हणतात.
किती भरली ते ती दगडाला कान लावून सांगते,
माझ्या मीटरहून नेमकं.
पाइप सोडला आणि तिला मंगळाचं सांगितलं.
"गोड होतं?"
आंबट. आपल्या खाणीच्या निचऱ्यासारखं.
"मग तुझ्या टँकरात चाललं नसतं."
नसतं.
"आणि गेलं कुठे?"
थोडं उडालं, थोडं गोठलं असेल खाली.
नक्की कुणालाच ठाऊक नाही.

ती हसली नाही.
खाली सपाटीवर सॅलडची शेतं
प्लास्टिकखाली चकाकत होती, समुद्रापर्यंत.
तिकडे हनुवटी उडवली तिने.
"एवढं पाणी आपोआप जात नाही, हिनेस.
कुठेतरी मुरलंय.
दगड कसले बघताय? कागद बघा म्हणावं."
मग कान लावला, हात वर केला: पुरे.
पैसे सुट्या नाण्यांत दिले,
एक युरो कमी. मी काही बोललो नाही.

ते यंत्र चौदा वर्षं चाललं.
शेवटी धुळीच्या वादळात गप्प झालं;
बातमी आली तेव्हा कास्तो नव्हता,
बारमध्ये आता मोबाइलची दुकानदारी आहे.
ओब्दुलिया अजून आहे. ऐकू कमी येतं,
फक्त टाकीचं येतं.

माझ्या टँकरची तोटी गळते.
बदलायची म्हणतो, राहून जातं.
तिच्या चढावर ओली ओळ उमटते,
अकरापर्यंत वाळून जाते.
पण इथलं पाणी खारट;
मागे पांढरी रेघ उरते,
या खेपेची, मागच्या खेपेची,
वळणावर जरा जाड,
तिथे मी गिअर बदलतो.